आकड्यापुढचं अक्षर

मावशी कराडहून आली ती पिशवीतून पासबुक काढतच. चहा ठेवायच्या आधी तिनं ते माझ्यापुढं उघडलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, हे बघ. बँकेचं काहीतरी चुकलंय. उद्या पोलीस आले तर?"

ओळ साधी होती. तारीख, पेन्शन जमा झाल्याची नोंद आणि शेवटी शिल्लक : ४३,६१५.०० सीआर. आकडा तिच्या हिशेबाशी जुळत होता, तिला भीती होती ती पुढच्या दोन अक्षरांची. शेजारच्या मुलानं नव्या इमारतीची जाहिरात दाखवली होती, तिच्यावर फ्लॅटची किंमत '१.१० सीआर' अशी लिहिलेली. म्हणजे किती, असं हिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, एक कोटी दहा लाख. सीआर म्हणजे कोटी. त्या हिशेबानं मावशीच्या खात्यात त्रेचाळीस हजार सहाशे पंधरा कोटी रुपये होते. एवढ्या पैशांचा तिला आनंद झाला नव्हता. दोन रात्री तिला झोप नव्हती.

शेजारच्या मुलानं सांगितलं ते खोटं नव्हतं आणि पासबुकही चुकलं नव्हतं. 'सीआर' ही दोन अक्षरं दोन वेगळ्या घरांतून आली आहेत. जाहिरातीतला सीआर म्हणजे क्रोर, आपला कोटी. पासबुकातला सीआर म्हणजे क्रेडिट, आपल्या जमाखर्चाच्या भाषेत 'जमा'. त्याचा जोडीदार डीआर, म्हणजे डेबिट, 'नावे'. पासबुक हे मुळात आपलं वहीखातं नसतं, बँकेच्या वहीतला आपला उतारा असतो. मावशीचे पैसे ही बँकेच्या दृष्टीनं देणी आहेत, तिला कधीही परत करायची रक्कम, म्हणून ती जमेच्या बाजूला. उद्या कुणी ओव्हरड्राफ्ट घेतला, म्हणजे खात्यात आहे त्यापेक्षा जास्त उचललं, तर त्याच जागी डीआर दिसेल. कर्जखात्याच्या उताऱ्यावर डीआर असणं रीतीचंच आहे. साध्या बचत खात्याच्या शिलकीपुढं डीआर दिसला तर मात्र त्याच दिवशी बँकेत जाऊन विचारावं.

मावशी गेल्यावरही हा प्रसंग माझ्या मनातून जाईना. आकडे वाचणं आपण सगळे शाळेत शिकलो. आकड्यापुढं लागणारं अक्षर वाचायला कुणी शिकवलं नाही. आणि आता मोबाइलच्या पडद्यावर जागा कमी म्हणून पैशाचा जवळजवळ प्रत्येक आकडा असा अक्षर लावूनच येतो : के, एल, एम, बी, टी, सीआर. यातलं प्रत्येक अक्षर कुठल्या तरी गावचं आहे, आणि ते गाव कळल्याशिवाय आकडा कळत नाही.

सगळ्यांत सरळ 'के'. ग्रीक भाषेत हजाराला जो शब्द आहे त्यावरून फ्रेंचांनी १७९५ साली दशमान पद्धतीसाठी 'किलो' हा उपसर्ग घेतला. किलोग्रॅम म्हणजे हजार ग्रॅम, तसं '१५के' म्हणजे पंधरा हजार. काटेकोर शास्त्रीय लेखनात किलोचा के लहान लिपीतला असतो, मोठा के तापमानाच्या केल्विन या एककासाठी राखलेला असतो. पैशाच्या व्यवहारात हा भेद कुणी पाळत नाही आणि त्यानं काही बिघडत नाही. के जिथं जाईल तिथं हजारच.

'एल' आपला घरचा. लाख. नोकरीच्या जाहिरातीत 'सहा एलपीए' असं असतं तेव्हा ते वर्षाला सहा लाख. एवढं कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. पण सहाला बारानं भागून महिना पन्नास हजार हातात येतील असं घरी सांगू नये. हा आकडा बहुतेक वेळा कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. त्यात भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि मिळाला तर मिळणारा बोनसही धरलेला असू शकतो. एल हे अक्षर भारतीय उपखंडाबाहेर कुणाला कळत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. परदेशी माणसाला पाठवलेल्या दरपत्रकात '३एल' लिहिलं तर तो चक्रावेल. प्रत्येक देशाची अशी घरगुती अक्षरं असतात. इंडोनेशियात आकड्यापुढं 'आरबी' म्हणजे रिबू, हजार, आणि 'जेटी' म्हणजे जुता, दहा लाख.

खरा घोटाळा 'एम'चा. आज आपण एम म्हणजे मिलियन, दहा लाख, असं धरून चालतो, आणि समाजमाध्यमांवर ते बरोबरही असतं. पण रोमन अंकांत एम म्हणजे हजार. लॅटिन 'मिले' म्हणजे हजार, त्याचा तो एम. इंग्रजी व्यापारात हा रोमन एम फार काळ टिकला आणि काही धंद्यांत अजून टिकून आहे. मग मिलियन कसं लिहायचं? हजार गुणिले हजार, म्हणून दोन एम. रोमन अंकांच्या नियमानं दोन एम म्हणजे दोन हजार व्हायला हवेत, पण इथं बेरीज नाही, गुणाकार धरायचा. अमेरिकेतल्या जुन्या वळणाच्या वित्तीय कागदांवर '५एमएम डॉलर' असं दिसलं तर ते पन्नास लाख डॉलर.

हे लांबचं वाटेल, पण नैसर्गिक वायूचा भाव भारतासह अनेक ठिकाणी 'प्रति एमएमबीटीयू' असा सांगतात, म्हणजे दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट. एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारनं जुन्या देशी वायुक्षेत्रांतल्या वायूच्या दराला कमाल मर्यादा घातली, ती साडेसहा डॉलर प्रति एमएमबीटीयू होती. पुण्यामुंबईच्या रिक्षात भरला जाणारा सीएनजी आणि अनेक घरांत नळानं येणारा गॅस यांच्या भावाची मुळं या दरापर्यंत जातात. त्याच धंद्यात 'एमसीएफ' म्हणजे हजार घनफूट. एकाच वाक्यात एक एम हजाराचा आणि दोन एम दहा लाखांचे.

जाहिरातीच्या धंद्यातही रोमन एम जिवंत आहे. 'सीपीएम' म्हणजे जाहिरात हजार वेळा दाखवण्याचा दर. व्हिडिओ करणाऱ्यांना 'आरपीएम' दिसतं, ते हजार वेळा पाहिल्यामागची कमाई. कोकणातल्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या एका ओळखीच्या ताईंनी हा एम मिलियन समजून, दहा लाख वेळा पाहिल्यावर एवढेच रुपये मिळणार असतील तर कशाला राबायचं, असं म्हणत काम सोडायची तयारी केली होती. एम म्हणजे इथं हजार, हे कळल्यावर त्यांचा हिशेब हजार पटींनी बदलला.

हा गोंधळ टाळण्यासाठी लंडनची काही आर्थिक नियतकालिकं बिलियनला 'बीएन' आणि ट्रिलियनला 'टीएन' असं दोन अक्षरी लिहितात. पुष्कळ ठिकाणी मिलियनलाही 'एमएन' लिहितात. मला हा रिवाज आवडतो. एका अक्षराची बचत करून संशय विकत घेण्यापेक्षा दोन अक्षरं परवडली. एकट्या 'टी'चंही तसंच आहे. बाजारमूल्यापुढचा टी म्हणजे ट्रिलियन, पण आपल्या शेअर बाजारात जानेवारी २०२३पासून सगळ्या शेअरना लागू झालेल्या 'टी+१'मधला टी म्हणजे ट्रेड, सौद्याचा दिवस.

एमनंतर बी, म्हणजे बिलियन, आणि इथं तर शब्दच दुभंगलेला आहे. मिलियन हा इटालियन शब्द, 'मोठा हजार' अशा अर्थाचा. त्याच्या वरच्या पायऱ्यांना नावं हवी होती. फ्रेंच गणिती निकोला शुके यानं १४८४ सालच्या हस्तलिखितात बिलियन, ट्रिलियन अशी नावं मांडली. त्याची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दहा लाख पट होती. मिलियनचे मिलियन म्हणजे बिलियन, एकावर बारा शून्यं. पुढं काही देशांत पायरी हजार पटींची झाली आणि बिलियन एकावर नऊ शून्यांवर उतरला. अमेरिका या लहान पायरीवर चालली, इंग्लंड बराच काळ मोठ्या पायरीवर. शेवटी डिसेंबर १९७४मध्ये पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी संसदेत सांगितलं की सरकारी आकड्यांत यापुढं बिलियन म्हणजे हजार मिलियनच समजावा. त्याआधीचं इंग्लंडमध्ये छापलेलं पुस्तक हातात असेल तर बिलियन शब्दापाशी थांबून, यांची पायरी कोणती, हे बघावं लागतं.

जर्मनी आणि फ्रान्समध्ये मोठी पायरी आजही चालते. तिथं आपल्या अब्जाला, म्हणजे नऊ शून्यांना, 'मिलियार्ड' किंवा 'मिलियार' म्हणतात आणि जर्मन कागदांवर 'एमआरडी' असं संक्षेपानं लिहितात. जर्मन 'बिलियन' म्हणजे अमेरिकन ट्रिलियन. नोकरीसाठी म्युनिक किंवा स्टुटगार्टला गेलेल्या आपल्या मुलामुलींना कंपनीचा जर्मन अहवाल इंग्रजीत सांगताना हा खड्डा हमखास लागतो. त्यात तिथं हजारांच्या गटासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम. आपल्याला '१.२५०' दिसतं ते सव्वा, त्यांना दिसतं ते साडेबाराशे.

या शब्दांशी लोकांचं पोट बांधलेलं होतं असा काळ युरोपनं पाहिला आहे. १९२३च्या नोव्हेंबरात जर्मन मार्क इतका घसरला की एका डॉलरला ४.२ जर्मन बिलियन, म्हणजे चार लाख वीस हजार कोटी मार्क मोजावे लागत. नवं चलन आलं तेव्हा एक रेंटेनमार्क म्हणजे एक जर्मन बिलियन जुने मार्क असा दर ठरला. बर्लिनमधल्या माणसाच्या तोंडी बिलियन आणि न्यूयॉर्कच्या बातमीत ट्रिलियन, पण रक्कम एकच.

त्याहून भयंकर कथा हंगेरीची. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६च्या जुलैत, तिथल्या किमती सुमारे पंधरा तासांत दुप्पट होत होत्या. चलनाचं नाव पेंगो. नोटेवर शून्यं मावेनात, तेव्हा सरकारनं नोटेवरच संक्षेप छापले. आधी 'मिलपेंगो' आला, म्हणजे दहा लाख पेंगो. मग 'बी-पेंगो' आला. हा बी म्हणजे मोठ्या पायरीचा बिलियन, एक लाख कोटी पेंगो. चलनात आलेली सगळ्यांत मोठी नोट दहा कोटी बी-पेंगोंची होती. आकड्यात लिहायची तर एकावर वीस शून्यं, पण त्या नोटेवर हा आकडा लिहिलेलाच नव्हता. अक्षरी शब्द होते आणि मध्ये तो बी. भाजीवाल्यापुढं उभ्या असलेल्या बाईला त्या एका अक्षरावर नोट ओळखावी लागत होती. १ ऑगस्ट १९४६ला नवा फोरिंट आला. एका फोरिंटला किती पेंगो? चारावर एकोणतीस शून्यं. अक्षर लहान करून आकडा लहान होत नाही, हे त्या देशानं फार वाईट रीतीनं अनुभवलं.

आपल्याकडे मोठ्या संख्यांच्या नावांचा तुटवडा कधी नव्हता. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत आणि प्रत्येक स्थान आधीच्याच्या दहापट. चाळीसगावजवळच्या पाटण इथं एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे. म्हणजे ही नावं आपल्या मातीत नुसती पाठ केली जात नव्हती, त्यांच्यासाठी शाळा चालत होती. त्या यादीत कोटीनंतर अर्बुद, मग अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म असे टप्पे येतात. इंग्रजी बिलियनला नेमका जुळणारा शब्द अब्ज. आणि आज ज्याला आपण ट्रिलियन किंवा 'लाख कोटी' म्हणतो त्याला भास्कराचार्यांच्या यादीत स्वतःचं नाव आहे : महापद्म. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करण्याचं उद्दिष्ट सरकार सांगतं, तेव्हा ते एक महापद्म डॉलर आहेत. डॉलर पंच्याऐंशी रुपयांना धरला तर पंच्याऐंशी लाख कोटी रुपये.

ही नावं मागं का पडली? मला वाटतं, व्यवहारात तेवढ्या रकमा लोकांच्या हाती कधी आल्याच नाहीत. गावातल्या माणसाचं काम लाखापर्यंत भागायचं, सावकाराचं कोटीपर्यंत. न वापरलेली नावं प्रांताप्रांतांत सरकली. हिंदीतला 'अरब' आणि मराठीतला 'अब्ज' एकाच संख्येवर आले. पण हिंदीतला 'खरब' म्हणजे शंभर अरब, आणि लीलावतीतला खर्व म्हणजे दहा अब्ज. शब्द एकाच कुळातले, किंमत दहापट वेगळी. हिंदी बातमीचं घाईनं मराठी करताना खरबचा खर्व केला की आकडा चुकलाच.

आपली संक्षेपाची परंपराही जुनी आहे. मराठी जमाखर्चात पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या दंडांनी दाखवत. एका आकड्यापुढं एक दंड म्हणजे सव्वा, दोन दंड म्हणजे दीड. ते दंड गेले, पण तोंडातली भाषा राहिली : सव्वादोन लाख, दीड कोटी, पावणेचार. '२.२५एल' असं लिहिलेलं वाचताना आपण मनात 'सव्वादोन लाख' म्हणतो आणि ते बरोबर करतो. व्याजदराच्या बातमीत 'पंचवीस बीपीएस' येतं, म्हणजे पंचवीस बेसिस पॉइंट, आणि एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग. मराठीत त्याला सरळ पाव टक्का म्हणतात. पन्नास लाखांच्या गृहकर्जावर पाव टक्का म्हणजे वर्षाला सुमारे साडेबारा हजार रुपये, हे 'पाव टक्का' ऐकल्यावर जसं चटकन मनात उतरतं तसं बीपीएसनं उतरत नाही. मुंबईच्या बोलीनं स्वतःचे सांकेतिक शब्दही केले : पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. २०२२ साली विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके'ची घोषणा झाली तेव्हा खोका म्हणजे किती, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मिलियन आणि कोटी यांच्यामधलं दहा पटींचं अंतर मात्र आपल्याला वरचेवर फसवतं. इंग्लंडमधला 'मिलियनेअर' होण्याचा खेळ २०००मध्ये भारतात आला तो 'करोडपती' होऊन, बक्षीस एक कोटी. शब्दशः मिलियन रुपये ठेवले असते तर बक्षीस दहा लाखांचं झालं असतं. टीव्हीवर हे अंतर निवडून ठरवलं गेलं होतं. कंपन्यांचे निकाल वाचताना ते आपल्याला स्वतः ओळखावं लागतं.

टीसीएसनं २०२३-२४ या वर्षाचं उत्पन्न दाखवलं ते २,४०,८९३. विप्रोनं त्याच वर्षाचं दाखवलं ते ८९७,६०३. दोन्ही कंपन्या एकाच धंद्यातल्या. नुसते आकडे शेजारी ठेवले तर विप्रो टीसीएसच्या पावणेचार पट मोठी वाटेल. तक्त्याच्या वर, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत खरी गोष्ट असते : टीसीएसचे आकडे कोटी रुपयांत, विप्रोचे मिलियन रुपयांत. मिलियनचे कोटी करायला दहानं भागायचं. विप्रोचं उत्पन्न येतं सुमारे ८९,७६० कोटी, आणि टीसीएस तिच्या अडीच पटींहून मोठी ठरते. यात कुणाची लबाडी नाही. कंपनी कायदा २०१३च्या तिसऱ्या अनुसूचीत ही मुभाच आहे. एकूण उत्पन्न शंभर कोटींच्या आत असेल तर शेकडा, हजार, लाख किंवा मिलियनमध्ये आकडे द्यावेत, त्याहून जास्त असेल तर लाख, मिलियन किंवा कोटीत. अट एवढीच की एकदा निवडलेलं एकक त्या हिशेबपत्रकांत सगळीकडे तेच ठेवायचं. मराठी वर्तमानपत्रांत येणाऱ्या तिमाही निकालांच्या जाहिरातीतही उजव्या कोपऱ्यात 'रु. लाखांत' अशी ओळ असते. ती आधी वाचावी, मग आकड्यांकडे वळावं.

आकड्यातले स्वल्पविरामही गाव सांगतात. ८९७,६०३ हे तीन-तीनच्या गटात आहे, म्हणजे लिहिणारा मिलियनच्या पंक्तीत बसलेला. २,४०,८९३ हे आपल्या पद्धतीचं. उजवीकडून पहिल्या स्वल्पविरामापाशी हजार, दुसऱ्यापाशी लाख, तिसऱ्यापाशी कोटी, असे आपले स्वल्पविराम आपल्या शब्दांशी जोडलेले आहेत.

दोन्ही पद्धती एकाच तक्त्यात बघायच्या असतील तर यूपीआयचे मासिक आकडे बघावेत. ते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन प्रसिद्ध करतं. व्यवहारांची संख्या 'एमएन'मध्ये, रक्कम 'सीआर'मध्ये. मार्च २०२५चे आकडे असे : संख्या १८,३०१.५१, रक्कम २४,७७,२२१.६१. सरासरी एका व्यवहारात किती रुपये गेले, हा साधा प्रश्न. मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटर उघडून रकमेला संख्येनं भागलं तेव्हा उत्तर आलं १३५ रुपये. चहा, भाजी, रिक्षा असे छोटे व्यवहार डोळ्यांपुढं आणले तर ते पटण्यासारखंही होतं, आणि तिथंच धोका होता. वर कोटी आणि खाली मिलियन यांचा मेळ घातलेला नव्हता. १८,३०१.५१ मिलियनचे १,८३०.१५ कोटी होतात. आता भागलं की सरासरी येते सुमारे १,३५४ रुपये. म्हणजे त्या छोट्या देवघेवीच्या जोडीला घरभाडं, दुकानदारांची बिलं, शाळेची फी असे मोठे व्यवहारही या वाटेनं जाताहेत. दहा पटींच्या चुकीनं देशाच्या खर्चाचं चित्रच वेगळं दिसलं असतं.

शेअरच्या अॅपवर 'एलसीआर' असंही दिसतं. ते लाख कोटी, म्हणजेच ट्रिलियन. केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पातला एकूण खर्च ५०,६५,३४५ कोटी रुपये आहे. तो कुठं '५०.६५ लाख कोटी' म्हणून येतो, कुठं '५०.६५ ट्रिलियन' म्हणून.

अक्षर शून्यं गिळतं तसे आकडेही गिळतं, हे आपण विसरतो. फ्लॅटच्या जाहिरातीत '१.२ सीआर' असेल तर खरी किंमत एक कोटी चोवीस लाख असू शकते, एका दशांशात पूर्णांक केला की ती एक कोटी वीसच दिसते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्यावर वेगळा. घर घेणाऱ्या जोडप्यासाठी हे चार लाख म्हणजे काही वर्षांची बचत. यूट्यूबनं २०१९च्या सप्टेंबरपासून चॅनेलच्या सदस्यांचे जाहीर आकडे असेच संक्षिप्त केले. १,३३,९९९ सदस्य असले तरी बाहेर १३३के दिसतं. सदस्यसंख्येत हे चालून जातं, किमतीत चालवून घेऊ नये. पैसे देण्याआधी पूर्ण आकडा लिहून मागावा.

सोसायटीचे हिशेब सांभाळणाऱ्यांसाठी आणखी एक. खाते क्रमांक एक्सेलमध्ये तसाच टाकला की तो कधीकधी '५.०१ई+१३' असा दिसू लागतो. हा 'ई' दहाच्या घातांकाचा आहे, दशांशचिन्ह तेरा घरं उजवीकडे न्यायचं. नुसतं दिसण्याचं असतं तर ठीक, पण एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच संख्या नेमकी धरून ठेवतं आणि सोळाव्या अंकाच्या जागी शून्य घालतं. सोळा अंकी खाते क्रमांक असा कायमचा बिघडतो. तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा.

कायद्याला मात्र या अक्षरांवर भरवसा टाकायचा नाही. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ सालचा, चेकचा व्यवहार आजही त्यावर चालतो. त्याचं अठरावं कलम सांगतं की आकड्यातली आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर अक्षरी रक्कम खरी धरावी. म्हणूनच चेकवर 'अक्षरी रुपये' लिहून शेवटी 'मात्र' लिहायची आपली रीत आहे. पुढं काही जोडता येऊ नये म्हणून तो 'मात्र'. काही बँकांची अॅप पैसे पाठवताना रक्कम टाकली की तिच्याखाली ती शब्दांत दाखवतात. तिथं अर्धा क्षण थांबून ती ओळ वाचली तर एक शून्य जास्त पडलेलं तिथंच सापडतं.

त्या दिवशी मावशीनं सीआर-डीआरचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडून पेन मागून घेतलं, पासबुकाचं पहिलं पान उघडलं आणि तिच्या जुन्या शिक्षिकेच्या अक्षरात वरच्या कोपऱ्यात लिहिलं : सीआर म्हणजे जमा, डीआर म्हणजे नावे. नंतर शेवटच्या ओळीवर परत आली, उजवीकडून एकेका आकड्यावर बोट ठेवत एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र म्हणत गेली, आणि बाजूला अक्षरी लिहिलं : त्रेचाळीस हजार सहाशे पंधरा मात्र.